केर्न गॉर्म झाला म्हणजे बेन मॅकडूई झाला असं नाही

इकडच्या, म्हणजे ब्रिटनमधल्या, मराठी ट्रेकर मंडळींच्या ग्रुपवर दर मे महिन्यात तोच प्रश्न येतो. "मागच्या वर्षी केर्न गॉर्म केला, आता बेन मॅकडूई करू का?" आणि खाली लगेच चार-पाच जण, "बिनधास्त कर, त्याच पार्किंगवरून सुरू होतो, थोडा लांब आहे एवढंच." हे "एवढंच" वाचलं की मला राहवत नाही, म्हणून एकदाच काय ते सविस्तर लिहितोय.

आधी किरकोळ गोष्टी उरकून घेऊ. केर्न गॉर्म हा एक डोंगर, केर्नगॉर्म्स ही स्कॉटलंडमधली आख्खी रांग, आणि मॅकडूई त्याच रांगेतला. केर्न गॉर्म १,२४५ मीटर, मॅकडूई १,३०९ मीटर, म्हणजे बेन नेव्हिसच्या खालोखाल ब्रिटनमधला दुसरा उंच डोंगर. दोन्ही मन्रो, म्हणजे स्कॉटलंडमधल्या तीन हजार फुटांवरच्या डोंगरांपैकी. दोन्ही गोल, रुंद, कुठे टोक नाही, लांबून बघितलं तर पालथी ठेवलेली परात. हात लावून चढावं असं नेहमीच्या वाटेवर काही नाही. आणि "कळसूबाई १,६४६ आहे, हे तर त्याहून बुटकं" हे कृपया बोलू नका, ५७ अक्षांशावर मीटर मोजून काही कळत नाही. याच केर्न गॉर्मच्या माथ्यावर मार्च १९८६ मध्ये ताशी १७३ मैल वेगाचा झोत नोंदला गेलाय, म्हणजे ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या पुढे.

केर्न गॉर्म तुम्हाला माहितीये. कोरी कासचं (कोरी म्हणजे डोंगराच्या कुशीतला वाटीसारखा खोलगट भाग) पार्किंगच सव्वासहाशे मीटरच्या आसपास, तिथून माथा तीनेक किलोमीटर, वाटेत स्कीचे खांब, कुंपणं, फ्युनिक्युलरचा (दोराने ओढल्या जाणाऱ्या डोंगरी रेल्वेचा) रूळ, वर तिच्या शेवटच्या स्टेशनची टार्मिगन इमारत, मग बांधीव पायवाट. पुढे.

मॅकडूई तिथूनच, जाऊन-येऊन सतरा-अठरा किलोमीटर. हा फरक सगळ्यांना दिसतो आणि सगळे इथेच थांबतात. स्टॅमिना आहे ना, मग झालं. पण खरा फरक अंतरात नाहीये. खरा फरक हा आहे की ढग खाली आल्यावर उतार तुम्हाला घरी नेतो की नाही.

सह्याद्रीत फिरलेल्या माणसाच्या अंगात एक गोष्ट मुरलेली असते, वाट चुकली तर उतार धर, पाणी दिसलं तर पाण्याबरोबर खाली जा, गाव लागेल. (सह्याद्रीतही हे धोक्याचंच आहे, घळीत उतरून कड्यावर अडकलेले लोक काही कमी नाहीत, पण सवय असतेच.) केर्न गॉर्मवर ही सवय बऱ्याचदा खपून जाते. दक्षिणेला लॉख आन या तळ्याकडे आणि पश्चिमेला कोरी अन त्रेख्ताच्या कड्यांकडे गेला नाहीत, उत्तर-वायव्येचा उतार धरलात, तर काही दिसत नसलं तरी थोड्या वेळात एखादा स्कीचा खांब हाताला लागतो आणि तो खांब तुम्हाला गाडीपाशी नेतो. म्हणजे चुकीचं तंत्र वापरूनही माणूस सुखरूप येतो आणि त्याला वाटतं आपल्याला डोंगर कळला. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

आता मॅकडूई. जाताना केर्न लॉखन या शेजारच्या शिखराच्या पश्चिम खांद्यावरून पठारावर येता आणि मग एक छोटं तळं लागतं, लॉखन बुई, साधारण १,१२५ मीटरवर. तिथून शिखर दक्षिणेला दोनेक किलोमीटर, धोंडेच धोंडे. परत येताना उत्तरेला उतरत या तळ्यापाशी येता आणि इथे नीट लक्ष द्या, इथून घरची वाट खाली जातच नाही. ती बराच वेळ जवळजवळ सपाट जाते. उलट सपाटी सोडून जे जे खाली जातं ते सगळं चुकीचं. पश्चिमेला मार्च बर्न नावाचा ओढा (हा मार्च म्हणजे हद्द, महिना नाही) जो लारिग ग्रूच्या खोल खिंडीत धाडकन कोसळतो. पूर्वेला फे बुई, तो आधी एकदम साधासुधा, हळू वाहतो, म्हणून माणूस त्याच्याबरोबर चालायला लागतो आणि मग तो गुळगुळीत कातळांवरून घसरत लॉख आनला जातो, चारशे मीटर खाली. आणि समजा धडपडत सुखरूप पोचलातही, तरी लॉख आनपासून रस्ता कुठेच नाही, गाडीकडे यायचं तर परत पठारावर चढायचं. आणि शिखरावरून दक्षिणेचा उतार धरलात तर पार ब्रेमारच्या बाजूला निघता, तुमची गाडी डोंगराच्या पलीकडे.

मी स्वतः जुलैमध्ये याच तळ्यापाशी चुकलोय. सकाळी लख्ख ऊन, शिखरावर सँडविच खाईपर्यंत ढग, परत येताना वीस पावलांपलीकडे काही दिसेना, पायवाट धोंड्यांत विरून गेली, पाण्याचा आवाज आला आणि मी बिनविचार आवाजाकडे वळलो, बरोबरचे दोघं माझ्या मागे. पाचेक मिनिटांनी कंपास बघितला तर आम्ही चक्क पूर्वेला चाललो होतो. पाय म्हणत होते हीच वाट, इतकं सुंदर सोपं उतरत होतं. तिथून परत चढ चढून तळ्यापाशी यायला मनाला जे पटवावं लागलं ते मी विसरलेलो नाही.

हिवाळ्यात हेच सगळं जीवघेणं होतं. जमीन पांढरी, ढग पांढरा, सावली नाही, पुढचं पाऊल सपाटीवर पडतंय की खाली हेच कळत नाही, जाणकार लोक पुढे बर्फाचा गोळा फेकून बघतात की तो कुठे थांबतो. कोरींच्या कडांवर बर्फाचे छज्जे लोंबत असतात आणि वरून ते पठारासारखेच दिसतात. नोव्हेंबर १९७१ मध्ये एडिनबर्गची शाळकरी मुलं याच भागात वादळात सापडली, लॉखन बुईजवळच्या निवाऱ्यापर्यंत पोचू शकली नाहीत, पाच मुलं आणि त्यांच्याबरोबरची एक तरुण साहाय्यक गेली. पठारावरचे ते छोटे निवारे नंतर हटवले, कारण तशा हवेत सापडणं कठीण अशा निवाऱ्याच्या भरवशावर लोक वर जात होते. आज तिथे आडोसा नाही.

मग मॅकडूईसाठी नक्की काय शिकायचं? चढणं नाही, मोजून चालणं. नकाशावर पुढच्या खुणेपर्यंतची दिशा अंशात काढायची, अंतर मोजायचं, आणि तेवढंच चालून थांबायचं. शंभर मीटरला आपली किती दुहेरी पावलं पडतात (उजवा पाय टेकला की एक) हे आधीच घराजवळच्या मैदानात मोजून ठेवा, बहुतेकांची साठ ते सत्तरच्या मध्ये येतात, धोंड्यांत वाढतात. वेळेसाठी नेस्मिथचा जुना हिशोब, पाच किलोमीटरला एक तास आणि सहाशे मीटर चढाला वर एक तास. मोजलेलं अंतर संपलं आणि खूण आली नाही तर पुढे जायचं नाही, तिथेच विचार करायचा. गोल डोंगरावर सगळ्यात महत्त्वाची सवय हीच, कारण कडा-सोंड असलेला डोंगर चूक झाली की लगेच सांगतो, समोर दरीच येते, पण गोल डोंगर दोन किलोमीटरपर्यंत काही बोलत नाही.

"फोन आहे ना" म्हणणाऱ्यांसाठी, जीपीएस रेंजशिवाय चालतो हे खरं, पण थंडीत बॅटरी बघता बघता बसते आणि ओल्या हातमोज्याने स्क्रीन चालत नाही. फोन ठेवा, पण कागदी नकाशा हवाच, ऑर्डनन्स सर्व्हेचा ओएल ५७. आणि कंपास फोनच्या खिशात ठेवू नका, चुंबक असलेल्या कव्हरमुळे सुईची दिशा उलटी झालेली मी बघितलीये.

ऑक्टोबर ते मे आइस अ‍ॅक्स (बर्फातली कुऱ्हाड), क्रॅम्पॉन (बुटांना लावायचे लोखंडी काटे) आणि ते वापरता येणारा माणूस बरोबर नसेल तर माझं उत्तर सरळ नाही. जून ते सप्टेंबर, डोंगराचा फोरकास्ट बघून (अ‍ॅव्हिमोर गावाचा नाही, गावातल्या उन्हाचा वर काही संबंध नसतो) जरूर जा. आणि आकाश स्वच्छ असेल त्याच दिवशी लॉखन बुईपासून शिखरापर्यंत पायवाट असूनही कंपास आणि पावलांवर चाला, मग मान वर करून बघा किती चुकलात. पन्नास मीटरच्या आत आलात तर पुढच्या वेळी ढगात जायचा विचार करा, त्याआधी नाही.