निर्जंतुक आहे, पण स्वच्छ आहे का?

ओळखीतल्या एका आजोबांनी दाताचं इम्प्लांट बसवायची तारीख पुढे ढकलली. कारण काय, तर अमावस्या! तारीख बघायचीच होती, तर तो टायटॅनियमचा स्क्रू कारखान्यातून कधी बाहेर पडला, ती तरी बघायची.

हाडाच्या पेशींची गाठ खरं तर टायटॅनियमशी पडतच नाही. हवा लागताक्षणी या धातूवर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर चढतो आणि हाड धरतं ते त्या थराला. स्वीडनचे संशोधक ब्रानेमार्क यांना सशाच्या हाडात बसवलेली टायटॅनियमची उपकरणं निघता निघेनात, तिथून ही विद्या सुरू झाली. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात इम्प्लांट बसवलं.

पण हाच थर हवेतले हायड्रोकार्बनचे (कार्बन-हायड्रोजनच्या संयुगांचे) रेणूही धरून ठेवतो. स्वयंपाकघरात वरच्या फळीवरच्या डब्यांना चिकटा येतो ना, तसा. फक्त हा डोळ्यांना दिसत नाही. पाकीट निर्जंतुक असलं तरी तो साचतोच. जंतू मेले म्हणजे चिकटा गेला असं नव्हे. आम्लाने खरखरीत केलेल्या ताज्या टायटॅनियमवर पाण्याचा थेंब टाकला, तर तो पसरून दिसेनासा होतो. चार आठवडे जुन्या पृष्ठभागावर तोच थेंब पृष्ठभागाशी ६० अंशांहून मोठा कोन करून फुगून बसतो. अगदी अळवावरचं पाणी नव्हे, पण वाट तीच. पेशीही अशा जागी नाखुशीनेच बसतात.

इथे प्रकाश कामाला येतो, आणि माझा जीव अडकलाय तो इथेच. तो ऑक्साइडचा थर म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, आणि हा अर्धवाहक. त्यातले इलेक्ट्रॉन तळमजल्यावर राहतात. अ‍ॅनाटेज या स्फटिकरूपात वरचा मजला ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (हे ऊर्जेचं माप) उंच असतो. मधे जिना नाही. उडी मारायची ती एकाच फोटॉनच्या, म्हणजे प्रकाशकणाच्या, बळावर, म्हणून लाल दिवा कितीही प्रखर केला तरी व्यर्थ. या ऊर्जेची तरंगलांबी काढायला १२४० ला ३.२ ने भागा: ३८८ नॅनोमीटर. त्याहून आखूड तरंगलांबी हवी, म्हणजे अतिनील. इलेक्ट्रॉन वर गेला की खाली पोकळी उरते. ती पाण्याकडून इलेक्ट्रॉन ओरबाडते आणि हायड्रॉक्सिल मूलक हा भलताच क्रियाशील कण जन्मतो. वरचा इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला जाऊन मिळतो. हे दोघे मिळून चिकट्याचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करून टाकतात. शिवाय २५४ नॅनोमीटरच्या दिव्यातला फोटॉन जवळपास ४.९ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, तो काही बंध थेटच तोडतो. फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ मध्ये याच ऑक्साइडवर प्रकाश टाकून पाण्याचं विघटन दाखवलं होतं.

लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या ताकाहिरो ओगावा यांच्या गटाने २००९ मध्ये असं अतिनील प्रकाशात उजळलेलं टायटॅनियम उंदरांच्या हाडात बसवलं. पृष्ठभागाच्या जितक्या भागाला हाड भिडलं, तो वाटा ५५ टक्क्यांवरून ९८.२ टक्क्यांवर गेला. तेव्हा दिवा ४८ तास लावला होता. पुढे काही मिनिटांत काम करणारी यंत्रं आली.

आकडा डोळे दिपवणारा आहे, पण उंदरांचा आहे. निरोगी हाडात साधी इम्प्लांटंही नव्वद टक्क्यांहून जास्त टिकतात, त्यामुळे ‘प्रकाशाने सक्रिय’ अशी जाहिरात बघून जादा पैसे मोजण्याआधी आपलं हाड कसं आहे ते डॉक्टरांना विचारा. (टायटॅनियमच्या कड्याने रक्तदाब उतरतो म्हणणाऱ्यांना काहीच विचारू नका.)

शिवाय उजळलेला पृष्ठभाग पुन्हा म्हातारा होतोच, त्यामुळे दिवा शस्त्रक्रियेच्या अगदी आधी लावावा लागतो. काही कंपन्यांनी वेगळीच युक्ती काढली: इम्प्लांट सलाईनमध्ये बुडवूनच पाठवायचं, म्हणजे त्याला हवा लागतच नाही.