गर्द रंगांची गोधडी आणि आपले डोळे

इंदूरच्या मराठी घरात जुन्या लुगड्यांचं गाठोडं सोडलं, की बहुतेक गर्दच रंग बाहेर पडतात. वाईन रंगाची महेश्वरी, काळी चंद्रकळा, बॉटल ग्रीन इरकल, खणाचे जांभळट तुकडे. एवढ्यांचीच गोधडी शिवायची म्हटलं की घरातून पहिला आक्षेप येतो, ‘सगळं काळंच दिसेल!’ आक्षेप अगदीच खोटा नाही, पण त्यातला मोठा वाटा कापडाचा नसून डोळ्यांचा आहे.

कडा ओळखायला आपली नजर मुख्यतः उजळ-गडद हा फरक वापरते. नुसत्या रंगातला फरक तिला दिसतो, पण बारीक तपशिलात नाही. म्हणून सारख्याच गडदपणाची दोन ठिगळं जवळून वेगळी दिसतात आणि खोलीच्या दारातून पाहिली की एक होतात. मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढून पाहा, कोणते तुकडे एकमेकांत मिसळणार ते लगेच कळतं. अशा गोधडीत इंचभराचे त्रिकोण म्हणजे फुकटची मेहनत. ठिगळ वीतभर तरी हवं.

खरी गंमत तिन्हीसांजेची. दिवा लावण्याआधी महेश्वरीचा वाईन रंग पार काळा पडतो आणि शेजारचं मोरपंखी मात्र उठून दिसतं. उजेडात आपण दृष्टिपटलावरच्या शंकुपेशींनी पाहतो. त्यांना साधारण 555 नॅनोमीटर तरंगलांबीचा पिवळट हिरवा प्रकाश सर्वांत उजळ वाटतो. अंधारू लागलं की दंडपेशी काम हाती घेतात. त्यांचा जोर 500 नॅनोमीटरच्या आसपास, निळसर हिरव्याकडे असतो आणि गर्द लाल त्यांना जवळजवळ दिसतच नाही. चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो.

काळ्याचं दुखणं वेगळं. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात निळ्या-जांभळ्या विणकामातला काळा रंग फिका पडतो, अशी तक्रार होती. तिथले रंगाई-प्रमुख, रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी तपासलं तेव्हा रंग पक्काच निघाला. त्याला फिका पाडत होता तो शेजारचा रंग. 1839 मध्ये त्यांनी यावर ग्रंथच लिहिला. तेव्हा चंद्रकळेचा तुकडा कुठे लावायचा, हे शेजार बघून ठरवावं.

क्लॉथ मार्केटमधून जोडीला नवीन काळं कापड आणणार असाल, तर ते दुकानाबाहेर उन्हात नेऊन बघा. काळा रंग बहुधा अनेक रंगद्रव्यांच्या मिश्रणातून साधतात. आतल्या दिव्याखाली हुबेहूब जुळलेले दोन काळे उन्हात एक तांबूस, एक हिरवट निघू शकतात. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे.

गडदपणात फरक नसला, तरी चमक हाताशी असते. पारंपरिक महेश्वरीत उभा धागा रेशमी, आडवा सुती. एकाच पदराचे दोन चौकोन कापून त्यातला एक काटकोनात फिरवून लावला, तर खिडकीच्या उजेडात दोघांची छटा वेगळी भासते. मखमलीत हे आणखी ठळक दिसतं, कारण लव जिकडे झुकते त्यावर परतणारा उजेड ठरतो.

धावदोऱ्याने कापडावर उंचवटे उठतात. त्याच रंगाचा दोरा घेतला, तर बाजूच्या उजेडात नक्षी फक्त सावल्यांची उमटते. डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली ती सपाट होते. पांढरा दोरा घेतला की नजर आधी टाक्यांवर जाते, आणि मग वाकडे टाकेही लपत नाहीत.