रसग्रहण आणि 'लिटररी अ‍ॅनालिसिस': एका औदुंबरावर दोन निबंध

माझी लेक तेव्हा नववीत होती. न्यू जर्सीतले हायस्कूल, इंग्रजीचा ऑनर्स वर्ग आणि वर्षातला पहिला मोठा निबंध. रात्री जेवणं झाल्यावर तिने विचारले, "आई, लिटररी अ‍ॅनालिसिस म्हणजे नक्की काय लिहायचं?" माझी दहावी मराठी माध्यमातली. रसग्रहण हा माझा हातखंडा प्रश्न. मी लगेच सांगितले, "अगं, ते आपलं रसग्रहणच. कवीचं नाव, विषय, मध्यवर्ती कल्पना, अलंकार, भाषा आणि शेवटी तुला का आवडलं ते."

तिने तसेच लिहिले, मन लावून लिहिले. निबंध परत आला तेव्हा समासात तेच दोन प्रश्न पुन्हा पुन्हा होते. "तुझा दावा काय?" आणि "सो व्हॉट?", म्हणजे मग त्याचे काय. शिक्षिकेचे बरोबर होते. चूक मी सांगितलेल्या वाटेत होती. त्यानंतर ओळखीच्या घरांतल्या बऱ्याच मुलांचे निबंध मी वाचले आणि जिथे आईवडील मराठी शाळेत शिकलेले आहेत तिथे हीच गल्लत पुन्हा पुन्हा दिसली. दोन्ही लेखनांत कविता असते, अलंकार असतात, ओळी उद्धृत केलेल्या असतात. त्यामुळे ती एकच वाटतात.

आधी ऑनर्स या शब्दाबद्दल थोडेसे, कारण आपल्याकडच्या बी.ए. ऑनर्सशी त्याचा संबंध नाही. अमेरिकेतल्या हायस्कुलात एकच विषय वेगवेगळ्या पातळ्यांवर शिकवतात आणि ऑनर्स ही नेहमीच्या वर्गापेक्षा वरची पातळी. तिथे काय वाचायचे आणि किती लिहायचे हे शाळा किंवा तिथला शिक्षण विभाग ठरवतो, बाहेरची परीक्षा नसते. एपी, म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट हे हायस्कुलातच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे वर्ग, वेगळे: ते कॉलेज बोर्ड या संस्थेचे, परीक्षा मे महिन्यात आणि गुणांकन १ ते ५. पुष्कळ मुले नववी-दहावीत ऑनर्स करून अकरावीत एपी लँग्वेजला आणि बारावीत एपी लिटरेचरला जातात. ऑनर्सच्या वर्गात सुट्टीतले वाचन, पुस्तकाच्या समासात टिपणे, गोलात बसून चर्चा, कच्चे खर्डे, एकमेकांचे निबंध तपासणे, वर्गात घड्याळ लावून लिहिणे असे बरेच काही चालते. पण वर्षभराची सगळी मेहनत शेवटी एकाच गोष्टीपाशी येते: वाचलेल्यातून एक विधान उभे करायचे आणि ते शब्दांच्या आधाराने टिकवायचे.

रसग्रहणाचा उगम निराळा आहे आणि तो शब्दातच दिसतो. रस ही कल्पना भरतमुनींच्या नाट्यशास्त्रापासून चालत आली. ज्याच्या मनात तो रस जागा होतो तो वाचक 'सहृदय'. म्हणजे कविता आपल्या ठिकाणी पूर्ण आहे हे गृहीत धरूनच रसग्रहण सुरू होते. या कवितेने मला काय दिले आणि कशाच्या बळावर दिले, हा त्याचा प्रश्न. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य हे मथळेच पाहा. सौंदर्य आहे की नाही यावर वाद नाही, ते दाखवायचे आहे. आणि दाखवणे सोपे नसते. चांगले रसग्रहण लिहायला कान तयार असावा लागतो.

अ‍ॅनालिसिसची घडण विसाव्या शतकातली. केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्स यांनी विद्यार्थ्यांच्या हातात कविता दिल्या, पण कवीचे नाव काढून, आणि प्रतिक्रिया लिहायला सांगितल्या. चांगल्या शिकलेल्या मुलांनीही किती वेगवेगळे आणि किती चुकीचे वाचले, हे त्यांनी १९२९ साली 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' या पुस्तकात मांडले. पुढे १९३८ साली अमेरिकेत क्लिअन्थ ब्रुक्स आणि रॉबर्ट पेन वॉरन यांचे 'अंडरस्टँडिंग पोएट्री' हे पाठ्यपुस्तक आले आणि कवितेचा सरळ अर्थ सांगणे म्हणजे कविता समजणे नव्हे, हा विचार कॉलेजांच्या वर्गांत पसरला. आज हायस्कुलात मुलांना जे शिकवतात त्याच्या मागे हे आहे. आपल्या रसग्रहणाची पहिली ओळ कवीच्या नावाने सुरू होते, तर त्या परंपरेची सुरुवातच नाव झाकून झाली. मला हा फरक फार बोलका वाटतो.

लेकीला हे असे सांगून काही कळले नसते. म्हणून एका शनिवारी मी बालकवींची 'औदुंबर' तिच्यासमोर ठेवली. आठच ओळी. दोन्ही तटांवरची हिरवाळी, निळासावळा झरा, चार घरांचे गाव, शेतमळे, त्यातून जाणारी पांढरी पायवाट, काळा डोह आणि पाण्यात पाय टाकून बसलेले झाड. मी तिला आधी माझे रसग्रहण वाचून दाखवले, शाळेत लिहीत असे तसे:

"निसर्गकवी बालकवी यांनी अवघ्या आठ ओळींत एक जिवंत शब्दचित्र रेखाटले आहे. हिरवा, निळासावळा, पांढरा आणि काळा अशा रंगांची सुंदर उधळण कवितेत आहे. औदुंबर पाण्यात पाय टाकून बसला आहे या कल्पनेत चेतनगुणोक्ती अलंकार साधला आहे. ओळींच्या शेवटच्या यमकांमुळे कवितेला गोड लय लाभली आहे. ही कविता वाचताना आपण त्या झऱ्याकाठी उभे असल्याचा भास होतो, म्हणून ती मला फार आवडते."

यात खोटे काही नाही. पण ऑनर्सच्या शिक्षिकेने हे वाचले तर ती प्रत्येक वाक्यापाशी थांबेल. रंगांची उधळण आहे, मग त्याचे काय? चेतनगुणोक्ती आहे, पण झाड बसलेच का आहे? उभेही राहू शकले असते.

लेकीने पेन्सिल घेतली आणि रंगांभोवती गोल केले. हिरवे पहिल्या, चौथ्या आणि सहाव्या ओळीत. काळे सहाव्या आणि सातव्या ओळीत. म्हणजे सहाव्या ओळीत दोन्ही रंग एकत्र आहेत: वाट हिरव्या कुरणातून निघते ती काळ्या डोहाकडे. त्यानंतर हिरवा रंग कवितेत पुन्हा येत नाही. मी ही कविता तीस वर्षे पाठ म्हणत होते, पण हे कधी पाहिले नव्हते. मग ती क्रियापदांकडे वळली आणि म्हणाली, "आई, झरा वाहतो, वाट चालते, आणि झाड बसतं."

तिथे अ‍ॅनालिसिस सुरू झाले. तासाभराने तिने जे विधान तयार केले ते मराठीत असे होईल: 'औदुंबर' वरवर निसर्गचित्र आहे, पण तिच्यातले रंग आणि क्रियापदे अशा क्रमाने येतात की वाचक वाहत्या हिरव्या जगातून निघून स्थिर काळ्या पाण्याशी जाऊन थांबतो, आणि काळिम्याला लावलेल्या 'गोड' या विशेषणामुळे ते थांबणे भयाण होत नाही. याला ती मुले थीसिस म्हणतात. त्याची एक सोपी परीक्षा आहे. समोरचा माणूस त्याला 'नाही, मला तसं वाटत नाही' म्हणू शकतो का? 'कवितेत रंगांची सुंदर उधळण आहे' याला कोणी नाही म्हणणार नाही, म्हणून तो थीसिस नाही. तिच्या वाक्याला म्हणता येते. आणि म्हणूनच पुढचे तीन परिच्छेद लिहायला कारण मिळते.

डोह म्हणजे मृत्यू, असे मी मध्येच सुचवले होते. पुष्कळ वाचकांना तसे वाटते, मलाही वाटते. तिने विचारले, "कुठल्या शब्दावरून?" मृत्यू हा शब्द कवितेत नाही. काळा आहे, झाकळणे आहे, थांबणे आहे, आणि बाजूला 'गोड'ही आहे. मृत्यू म्हणायचे असेल तर या 'गोड'चे काय करायचे ते सांगावे लागेल. ती आडमुठेपणा करत नव्हती. वर्गात तिला हेच शिकवले होते की जो शब्द आपल्या म्हणण्याच्या आड येतो तो लपवायचा नाही, त्यालाच सामोरे जायचे.

आणखी एक फरक त्याच दुपारी समोर आला. आपण रसग्रहणात सर्रास 'कवी म्हणतात' असे लिहितो, आदरार्थी बहुवचनात. त्यांच्या वर्गात कवितेत बोलणाऱ्याला 'स्पीकर' म्हणतात आणि त्याला कवीपासून वेगळे ठेवायला सांगतात. मी म्हटले, इथे बोलणारे आहेच कोण, कवितेत माणूसच नाही. तिने शेवटच्या ओळीतल्या 'असला'वर बोट ठेवले. "असला म्हणजे अशा प्रकारचा ना? मग कोणीतरी दाखवतंय." खरेच, 'असला औदुंबर' म्हणताना कोणाचे तरी बोट त्या झाडाकडे आहे. कवितेत कोणी दिसत नाही, पण पाहणारा आहे, आणि वाट जिथे संपली तिथेच तो उभा आहे. बालकवींच्या चरित्राचा आधार घेतला असता तर हा 'असला' आम्हाला दिसला नसता.

'संदेश' हाही असाच अडखळायला लावणारा शब्द. कवितेतून मिळणारा संदेश लिहा, असे आपण शिकलो. मुलांच्या वर्गातला 'थीम' हा शब्द त्याचा भाऊ वाटतो, पण थीम उपदेश करत नाही. 'निसर्गावर प्रेम करा' हा संदेश. थीम म्हणजे कवितेने जगाबद्दल सुचवलेली गोष्ट, आणि ती एका शब्दातही चालत नाही. 'मैत्री' किंवा 'प्रेम' लिहिले की शिक्षिका विचारणार, प्रेमाबद्दल काय?

नववीत बहुतेक मुलांच्या वाट्याला 'रोमिओ अँड ज्युलिएट' येते, तेव्हा हे सगळे तिथेही लागू होते. रोमिओ आणि ज्युलिएट पहिल्यांदा बोलतात ते दोघांत वाटून घेतलेले चौदा ओळींचे सुनीत आहे. रसग्रहणाच्या सवयीचा मुलगा लिहितो की या सुनीतातून त्यांच्या प्रेमाचे सौंदर्य खुलते. अ‍ॅनालिसिस करणाऱ्या मुलाला आठवते की नाटकाची सुरुवातीची प्रस्तावनाही चौदा ओळींचे सुनीतच होती आणि तिने हे दोघे मरणार हे आधीच सांगून टाकले होते. मग तो लिहू शकतो की ज्या साच्यात त्यांचे मरण जाहीर झाले त्याच साच्यात त्यांचे प्रेम पहिले शब्द उच्चारते. हे विधान खोडता येते, आणि त्यासाठी पुन्हा नाटकातच जावे लागते.

ओळींचा सरळ अर्थ सांगण्यावर मात्र मुलांनी शक्ती घालवू नये. आपल्याकडे त्याला गुण होते. इथे त्याला 'समरी' म्हणतात आणि वाचणाऱ्याने पुस्तक वाचलेलेच आहे असे धरतात. अख्खी कडवी उतरवण्याऐवजी दोन-तीन शब्द आपल्या वाक्यात गुंफायचे, शेजारी कंसात अंक-प्रवेश-ओळ द्यायची आणि मग त्या शब्दांवर बोलायचे. पुढे एपीच्या परीक्षेत निबंध ६ गुणांचा असतो: थीसिसला १, पुरावा आणि त्यावरचे भाष्य यांना मिळून ४, आणि विचाराच्या सूक्ष्मतेला १. त्या चार गुणांसाठीच ऑनर्सच्या वर्गात दोन वर्षे सराव चालतो. 'अप्रतिम', 'हृदयस्पर्शी' असल्या शब्दांना तिथे एकही गुण नाही.

पण रसग्रहण सोडून द्यावे असे मला वाटत नाही, आणि ते का वाटत नाही हेही लेकीमुळेच कळले. रविवारी ती मराठी शाळेत जाते. अमेरिकेतल्या अशा बऱ्याच शाळा बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अभ्यासक्रमावर चालतात. तिथे बाईंनी आवडत्या कवितेवर लिहून आणायला सांगितले. तिने 'औदुंबर'च घेतली, थीसिस लिहिला, पुरावे दिले, 'गोड'चा हिशेब मांडला. मराठी तिचे मोडके असले तरी म्हणणे पक्के होते. बाईंनी सगळे कौतुकाने वाचले आणि खाली लिहिले, "छान पाहिलंस. पण ही तुला आवडते का?"

ती बराच वेळ वही उघडी ठेवून बसली. तिला आवडत होती, पण ते कुठे लिहायचे हे तिला माहीतच नव्हते. वर्गात 'मी' आणि 'मला वाटते' खोडायला शिकवलेले. मी काही सुचवले नाही, एकदा मार्ग चुकवून झाला होता. शेवटी तिने खाली तीन वाक्ये वाढवली. आम्ही डेलावेअर नदीकाठी फिरायला जातो. तिथे एक सिकमोरचं झाड आहे, त्याची मुळं पाण्यात गेली आहेत. आता मी त्याला औदुंबर म्हणते.