फळरसातील साखर व खनिजांचे मापन

खोक्यांतून व बाटल्यांतून विकल्या जाणाऱ्या फळरसात साखर किती व कोणती, तसेच पोटॅशियम, कॅल्शियम, सोडियम यांसारखी खनिजे किती, हे ठरवण्याच्या प्रयोगशाळेतील पद्धती. साखर आणि खनिजे दोन्ही मोजावी लागतात. पाणी घालून पातळ केलेला रस साखर टाकून पुन्हा गोड करता येतो, पण फळातून आलेले पोटॅशियम तसे सहज भरून निघत नाही.

सुरुवात रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे द्रावणात प्रकाश किती वळतो यावरून त्यात किती विरघळले आहे ते सांगणाऱ्या उपकरणाने होते. प्रिझमवर दोन थेंब रस ठेवून अंश ब्रिक्स वाचतात; १ अंश म्हणजे १०० ग्रॅम द्रावणात १ ग्रॅम सुक्रोज. संहत (आटवलेल्या) रसात पाणी घालून पुन्हा तयार केलेल्या रसासाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात सफरचंदाला ११.५, तर द्राक्षाला १६ ब्रिक्स धरले आहे. उपकरण २० अंश सेल्सिअसला जुळवलेले असते. तापमानाची दुरुस्ती न करता ३० अंशांच्या खोलीत वाचले, तर आकडा सात-आठ दशांशांनी कमी येतो. रसातले आम्ल व इतर विद्राव्य पदार्थही या आकड्यात धरले जातात, म्हणून ब्रिक्स म्हणजे निव्वळ साखर नव्हे. शिवाय हा आकडा वजनावर असतो, ११.२ ब्रिक्सच्या रसात १०० मिलिलिटरमागे सुमारे ११.७ ग्रॅम विद्राव्य पदार्थ भरतात. लेबलवरच्या १०० मिलिलिटरमागच्या साखरेशी ताळा करताना हा फरक विसरण्याची चूक सहज होते.

प्रत्यक्ष साखरेसाठी लेन-आयनन अनुमापन (ठरावीक अभिक्रियेला किती रस लागतो यावरून साखर काढण्याची रीत) अजून चालते. रस लेड ॲसिटेटने निवळून जादा शिसे पोटॅशियम ऑक्झलेटने काढतात. (हा निवळ भाग खनिजांसाठी वापरू नये, त्यात बाहेरचे पोटॅशियम गेलेले असते.) १० मिलि. रस ५०० मिलि. पर्यंत विरल करून ब्युरेटमध्ये भरतात. फेलिंग अ व ब (तांब्याच्या क्षाराचे व अल्कलीचे द्रावण) प्रत्येकी ५ मिलि. घेऊन उकळतात, मेथिलीन ब्ल्यूचे तीन-चार थेंब टाकतात आणि निळा रंग जाऊन विटकरी साका दिसेपर्यंत रस सोडतात. उकळी सुरू झाल्यापासून हे ३ मिनिटांत उरकायचे. उकळी थांबली की हवेतील ऑक्सिजनने निळा रंग परततो. नवखा माणूस आणखी रस सोडतो आणि साखर कमी निघते. सुक्रोज या अनुमापनात थेट येत नाही; त्यासाठी हायड्रोक्लोरिक आम्लाने त्याचे ग्लुकोज व फ्रुक्टोजमध्ये जलविघटन करून, ते आम्ल उदासीन करून पुन्हा अनुमापन करतात. दोन्ही उत्तरांतील फरकाला ०.९५ ने गुणले की सुक्रोज मिळते. ग्लुकोज व फ्रुक्टोज वेगळे मोजायला एचपीएलसी (घटक स्तंभातून वेगळे करणारी द्रव वर्णलेखन पद्धत) लागते.

पोटॅशियमसाठी गर काढलेला रस शंभरपट विरल करून फ्लेम फोटोमीटरवर (ज्योतीत धातूने दिलेला प्रकाश मोजणारे उपकरण) लावला तरी पुरते. गर राहिला तर केशनळी तुंबते आणि रीडिंग हळूहळू उतरू लागते. कॅल्शियम व मॅग्नेशियमसाठी रस आधी मंद आचेवर कोळसा होईपर्यंत जाळतात, कारण एकदम तापवल्यास साखरेचा फेस मुशीबाहेर उतू जातो. मग ५२५ अंशांच्या भट्टीत पांढरी राख करून ती आम्लात विरघळवतात आणि अणुशोषण उपकरणावर (धातूचे अणू किती प्रकाश शोषतात ते मोजणारे) मोजतात. फॉस्फेटमुळे कॅल्शियम कमी दिसू नये म्हणून लँथॅनम घालतात. सोडियमचे नमुने साध्या काचेच्या बाटलीत ठेवू नयेत. काचेतूनच सोडियम उतरते.

संत्र्याच्या रसात दर १०० मिलि. मध्ये पोटॅशियम साधारण २०० मिग्रॅ. आणि सोडियम नगण्य असते. ब्रिक्स बरोबर, पण पोटॅशियम १०० च्या आसपास आले, तर निम्मे साखरपाणी असल्याचा संशय घ्यावा. सोडियमही वाढलेले असेल तर ते बहुधा नळाच्या पाण्यातून किंवा परिरक्षकाच्या सोडियम क्षारातून आलेले असते. पोटॅशियमचा क्षार टाकून ही तूट झाकता येते. तेव्हा मॅग्नेशियम, फॉस्फरस आणि सुक्रोज-ग्लुकोज-फ्रुक्टोज यांचे प्रमाण तपासावे लागते.