पेटी घ्यावी की सुटे खंड? जुन्या कॉमिक्सच्या हार्डबाउंड आवृत्त्या घेण्याआधी

दुकानात असो वा फोनवर, आम्हाला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच: अख्खा बॉक्स सेट उचलू की एकेक खंड जमवत जाऊ? घाईत घेतलेला निर्णय इथे महागात पडतो. ही पुस्तकं स्वस्त नाहीत, जड आहेत आणि घरात जागा मागतात. म्हणून हे पत्रक. निवांत वाचा, मग ऑर्डर द्या.

आमचं मत आधीच सांगतो. मालिका पूर्ण झालेली आणि आटोपशीर असेल, तुम्ही ती आधी वाचलेली असेल आणि ती पुन्हापुन्हा वाचणार असाल, तर पेटी घ्या. मालिका लांबलचक असेल किंवा तिच्यातला एखादाच काळ तुमच्या आवडीचा असेल, तर सुटे खंड घ्या.

पेटीच घ्यावी असं ठळक उदाहरण म्हणजे ‘कॅल्विन अँड हॉब्स’. बिल वॉटरसन यांनी ही वर्तमानपत्रात रोज येणारी चित्रपट्टी, म्हणजे स्ट्रिप, १८ नोव्हेंबर १९८५ ला सुरू केली आणि ३१ डिसेंबर १९९५ ला स्वतःहून थांबवली. दहा वर्षांचं हे सगळं काम २००५ साली तीन हार्डबाउंड खंडांत, एकाच पेटीत आलं. त्यातला सुटा खंड कुणी विकायला काढला, तर तो एखाद्या फुटलेल्या संचातला आहे असं समजा आणि उरलेले दोन मिळतील या भरवशावर तो घेऊ नका. मात्र या पेटीचं वजन सुमारे १० किलो आहे. ती टेबलावर ठेवूनच वाचायची. रात्री मुलांना कुशीत घेऊन वाचून दाखवायचं असेल, तर २०१२ मध्ये निघालेला चार खंडांचा पेपरबॅक संच घ्या. मजकूर तोच आहे आणि हात भरून येत नाही. अशा वेळी महागडी पेटी विकण्यापेक्षा आम्ही हेच सुचवतो.

‘पीनट्स’चं गणित उलटं. चार्ल्स शुल्झ यांनी २ ऑक्टोबर १९५० ते १३ फेब्रुवारी २००० अशी जवळजवळ पन्नास वर्षं सुमारे १८ हजार स्ट्रिप काढल्या. त्यांचे हार्डबाउंड खंड २००४ पासून वर्षाला दोन या गतीने निघाले आणि २०१६ मध्ये २६व्या खंडावर काम पूर्ण झालं. साधारण दोन वर्षांचा एक खंड आणि दर दोन खंडांची एक पेटी. इथे पहिल्या खंडापासून सुरुवात करण्याचा आग्रह नको. सुरुवातीच्या वर्षांतला चार्ली ब्राउन दिसायलाही वेगळा आहे. त्याच्या ज्या कुत्र्यावर, स्नूपीवर, आपण सगळे जीव टाकतो, तो आपल्या घराच्या छपरावर बसून मनातल्या मनात विमान उडवणारा स्नूपी १९६५ मध्ये आला. तेव्हा १९६५-६६ चा खंड आधी घ्या, महिनाभर वाचा आणि मग पुढचं ठरवा. फक्त एक लक्षात ठेवा: पेटीतल्या जोडीपैकी एक खंड आज सुटा घेतलात आणि उद्या पेटी घ्यावीशी वाटली, तर तोच खंड दुसऱ्यांदा घरात येईल. त्यामुळे पेट्या की सुटे, हे पहिल्या खरेदीच्या वेळीच ठरवा.

कार्ल बार्क्स यांच्या डोनाल्ड डक आणि अंकल स्क्रूजच्या खंडांबाबत तर अजिबात काळजी नको. दूरदर्शनवर रविवारी ‘डकटेल्स’ बघत मोठ्या झालेल्यांना स्क्रूजकाका वेगळे सांगायला नकोत. या मालिकेतला सर्वांत आधी, २०११ मध्ये, बाहेर पडलेला खंड काळाच्या क्रमाने ७वा आहे. प्रकाशकानेच क्रम पाळला नाही, तर आपण का पाळावा? प्रत्येक गोष्ट स्वतंत्र आहे, कुठूनही सुरू करा. दोन खंडांच्या पेट्याही मिळतात, त्या भेट द्यायला छान.

‘अमर चित्र कथा’च्या महाभारताचं तसं नाही. ४२ अंकांची ही सलग कथा तीन जाड खंडांत बांधलेली आहे आणि दिलीप कदम यांची चित्रं एका ओघात बघण्याजोगी आहेत. द्यूतापर्यंत येऊन पुढच्या खंडासाठी थांबायचं, हे बरं नाही. संचच घ्या.

वेताळ शोधणाऱ्यांसाठी

चाळिशी-पन्नाशी ओलांडलेले आमचे कितीतरी ग्राहक ‘वेताळ’, म्हणजे इंग्रजीतला ‘फँटम’, मागत येतात. त्यांच्या मनात असतात ती इंद्रजाल कॉमिक्सची रंगीत पानं. १९६४ मध्ये सुरू झालेली ती मालिका १९९० मध्ये बंद पडली. आज अमेरिकेहून येणारे हार्डबाउंड खंड हे इंद्रजालचं पुनर्मुद्रण नाही, ते ली फॉक यांच्या मूळ वृत्तपत्रीय स्ट्रिपचं आहे. भाषा इंग्रजी आणि रोजच्या स्ट्रिपची पानं काळी-पांढरी. वेताळाच्या देशाचं डेंकाली हे नावही त्यात सापडणार नाही, कारण ते भारतीय आवृत्तीसाठी बदललेलं होतं. इंद्रजालमध्ये जागेअभावी चित्रं कापलीही जायची. इथे ती अख्खी बघायला मिळतात आणि आमच्या मते पैसे मोजावेत ते यासाठीच.

आणखी एक घोटाळा होतो. रोजची स्ट्रिप १७ फेब्रुवारी १९३६ ला सुरू झाली आणि रविवारची १९३९ मध्ये. दोन्हींच्या गोष्टी वेगळ्या, म्हणून खंडांच्या मालिकाही वेगळ्या. ‘पहिला खंड’ मागितलात, तर कोणत्या मालिकेचा, हे आम्ही विचारणारच. शिवाय सुरुवातीचा वेताळ रे मूर यांच्या हातचा आहे, सावल्यांनी भरलेला आणि गूढ. तुमच्या आठवणीतला वेताळ बहुधा साय बॅरी यांचा असेल. त्यांनी १९६१ पासून तो काढला. दुकानात या, दोन्ही चित्रकारांची पानं शेजारी शेजारी ठेवून बघा. आधी अख्खी रांग मागवून मग हिरमोड झालेले ग्राहक आम्ही पाहिले आहेत. इथे सुटा एक खंडच आधी घ्या.

पेटी हातात आल्यावर

पेटीचं एकच तोंड उघडं असतं. बहुतेक जण खंडाच्या कण्याच्या वरच्या टोकाला बोट अडकवून तो ओढून काढतात आणि दहा-वीस वेळा असं झालं की नेमकं तिथलं कापड किंवा कागद फाटतो. त्यापेक्षा पेटी तळहाताकडे किंचित कलती करा, खंड आपसूक इंचभर बाहेर सरकतील. मग दोन्ही बाजूंनी धरून घ्या. पेटी इतकी घट्ट असेल की जॅकेटची कड मुडपते, तर ती आम्हाला परत दाखवा.

बांधणी बघायला पुस्तक उघडून कण्याच्या वरच्या टोकाकडे पाहा. घडी घातलेले फर्मे, म्हणजे पानांचे जुडगे, एकेक वेगळे दिसले आणि फर्म्याच्या मधोमध दोरा दिसला, तर शिवण आहे. कागदांच्या कडा सपाट कापून नुसत्या सरसावर चिकटवलेल्या असतील, तर जाड खंड काही वर्षांत मधून तडकतो. खूप जड खंड शक्यतो आडवे ठेवा. उभे ठेवले की पानांचा गठ्ठा स्वतःच्याच वजनाने बोर्डापासून खाली ओघळतो.

आता पावसाळा. दोन वर्षांपूर्वी आमच्याच दुकानात तीन खंडांची एक पेटी बाहेरच्या भिंतीला टेकून जुलैभर राहिली. बाहेरून पेटी कोरी करकरीत. आतला तिसरा खंड काढायला गेलो, तर त्याचं जॅकेट शेजारच्याला चिकटलेलं. हलक्या हाताने सोडवलं तरी रुपयाएवढा झिलईचा तुकडा निघून आला आणि खाली पांढरा कागद दिसला. झिलईच्या कागदावर बारीक पांढऱ्या मातीचा आणि बंधकाचा लेप असतो. ओल लागली की तो मऊ पडतो आणि सुकताना शेजारच्या पानाला धरून बसतो. एकदा चिकटलेली पानं पुन्हा पहिल्यासारखी होत नाहीत. पेटीत हवा खेळत नाही, म्हणून सुट्या खंडांपेक्षा पेटीला हा धोका जास्त, आणि कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्यांना तर फारच.

यावर उपाय साधा आहे. जून ते सप्टेंबर खंड पेटीतून काढून ठेवा, भिंतीपासून चार बोटं अंतर सोडा, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या महिन्याने बदला. कसर लागू नये म्हणून घरात वेखंड ठेवायची पद्धत असेल तर ती चालू ठेवा, मात्र पूड पानांत घालू नका, पुरचुंडी बाजूला ठेवा. ओल आली म्हणून पुस्तक उन्हात टाकू नका. बोर्ड वाकतो आणि रंग उडतो. पंख्याखाली उघडून ठेवा.

कुरिअरने मागवलेल्या पेटीचे कोपरे वाटेत चेपतात, ही तक्रार आम्हाला माहीत आहे. आम्ही प्रत्येक पेटीच्या आठही कोपऱ्यांना पुठ्ठ्याच्या टोप्या घालून दुहेरी खोक्यात पाठवतो. पार्सल उघडताना फोनवर व्हिडिओ काढा आणि कोपरा चेपलेला दिसला तर तीन दिवसांत कळवा. आतले खंड चांगले असतील आणि नुसती पेटी चेपली असेल, तर बदलून हवी की काही रक्कम परत हवी, हे तुम्ही ठरवायचं.

सुटे खंड जमवणाऱ्यांनी आपल्याकडे असलेल्या खंडांची यादी आमच्याकडे लिहून ठेवावी. आमच्या अनुभवात मालिकेतले मधले आणि शेवटचे खंड आधी संपतात. तुमचा राहिलेला खंड हाती आला, की दर्शनी कपाटात लावण्याआधी पहिला फोन तुम्हाला येईल.