भयपटाचा धंदा आणि दचकण्याचं शास्त्र

बाबूराव पेंटरांनी कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून १९२० साली ‘सैरंध्री’ काढला. त्यातला कीचकवध इतका हुबेहूब होता, की थिएटरात बायका बेशुद्ध पडल्या आणि ते दृश्य कापावं लागलं, असं सांगतात. तेही मूकपटात! पुढे आवाज आला आणि घाबरवणं फारच स्वस्त झालं. भयपटाच्या कमाईचं इंगित त्या स्वस्ताईत आहे.

‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ ओरेन पेली यांनी स्वतःच्याच घरात, सुमारे १५ हजार डॉलरमध्ये चित्रित केला. जगभरातला गल्ला १९ कोटी डॉलरवर गेला. (जाहिरातीचा खर्च वेगळा, आणि गल्ला म्हणजे निर्मात्याचा नफा नव्हे.) आदित्य सरपोतदारांच्या ‘मुंज्या’नेही २०२४ मध्ये बड्या नटाशिवाय शंभर कोटी ओलांडले. भयपटात ओळखीचा चेहरा नसलेलाच बरा. हिरो मरणार नाही हे प्रेक्षकाला तिकीट काढतानाच ठाऊक असतं.

दचकणं ही मेंदूच्या देठातली प्रतिक्षिप्त क्रिया आहे. अचानक मोठा आवाज आला की ३० ते ५० मिलिसेकंदांत पापणी मिटते. पडद्यावर मांजर आहे की भूत, हे त्यानंतर कळतं. माणूस आधीच धास्तावलेला असेल तर अमिग्डाला हा मेंदूचा भाग ही क्रिया आणखी तीव्र करतो. म्हणून आधीची दोन मिनिटं रिकाम्या जिन्यावर घालवणारा दिग्दर्शक वेळकाढूपणा करत नसतो. धोका टळला तरी छातीची धडधड लगेच उतरत नाही. पाठोपाठ आलेला विनोद त्यामुळे जास्त हसवतो आणि बाहेर पडताना पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात.

चित्रनगरीत किंवा पन्हाळ्याच्या वाटेवर रात्री शूट करणाऱ्यांचा घोटाळा बहुधा एडिटिंगच्या टेबलावर होतो. हळूहळू चढणारा आवाज दचकवत नाही. तो काही मिलिसेकंदांतच टिपेला जायला हवा. त्याहून नडतो तो आधीचा बारीक आवाज. दणक्याच्या साधारण १०० मिलिसेकंद आधी साडीची सळसळ किंवा दाराची कुरकुर राहिली, तर मेंदू पुढचा धक्का आपोआप सौम्य करतो. सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशेबात हे जेमतेम अडीच फ्रेम. तेवढा तुकडा साफ करा, पण ट्रॅक पूर्ण मुका करू नका, नाहीतर लोकांना स्पीकर बंद पडल्यासारखं वाटतं. त्याच जागेवर एक मिनिटभर नुसती शांतता रेकॉर्ड करून आणावी आणि ती खाली अंथरावी. पावसाळ्यात मात्र रातकिडे आणि बेडूक ही शांतता खाऊन टाकतात. तेव्हा ती बंद खोलीतली घेतलेली बरी.

थिएटरात आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे १५ मीटर मागे बसलेल्याला तो एक फ्रेम उशिरा पोचतो. एवढं चालतं. मोबाईलवर ट्रेलर पाहणाऱ्याचं मात्र नुकसान होतं: ४० हर्ट्झची, म्हणजे अगदी खर्जातली घरघर त्या स्पीकरमधून उमटतच नाही. तिच्यावर दोनतीनशे हर्ट्झचा थर चढवावा लागतो.

आणि दणके मोजून वापरावेत. तोच आवाज पुन्हापुन्हा आला की प्रतिक्षेप दर वेळी बोथट होत जातो. पहिल्या अर्ध्या तासात सहा वेळा दार आपटणाऱ्या चित्रपटाला शेवटच्या भुतासाठी प्रेक्षकाची पापणीसुद्धा हलवता येत नाही.