कोविडने गेले की कोविड असताना गेले? या भांडणाची पार्श्वभूमी

२०२० च्या उन्हाळ्यात रोज संध्याकाळी राज्याच्या आरोग्य खात्याची प्रेसनोट फॅमिली ग्रुपवर येऊन पडायची, आज इतके मृत्यू, इतके पुरुष, इतक्या महिला, इतके साठीच्या वरचे, आणि मग ते ठरलेलं वाक्य की यापैकी इतक्या जणांमध्ये मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयरोग असे अतिजोखमीचे आजार आढळले. खाली कुणीतरी लिहिणारच, "म्हणजे आधीचंच होतं काहीतरी". खरं सांगते, मलाही तेव्हा हायसं वाटायचं, आपल्याला शुगर नाही ना, मग झालं.

पण मृत्यू कोविडचा धरायचा की आधीच्या आजाराचा, हा घोळ कोविडने आणलेला नाही, तो आधीपासून फॉर्ममध्येच आहे. हॉस्पिटलात कुणी गेलं की डॉक्टर फॉर्म ४ भरतात, मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र. त्याचे दोन भाग, आणि ही रचना जगभर साधारण सारखीच, १९४८ पासूनची. पहिल्या भागात साखळी लिहायची, म्हणजे समजा ५८ वर्षांचे गृहस्थ आहेत तर वरच्या ओळीत श्वसन निकामी, त्याखाली न्यूमोनिया, त्याखाली कोविड, आणि सगळ्यात खालची ओळ म्हणजे मूळ कारण, आकडेवारीत मोजलं जातं ते हेच. दुसऱ्या भागात बाकीचं, ज्याने हातभार लावला पण साखळी सुरू केली नाही, डायबेटिस, बीपी वगैरे. आता गडबडीत कुणी वरच्या ओळीत नुसतं 'कार्डिअॅक अरेस्ट' लिहून सोडलं तर? हृदय बंद पडल्याशिवाय कोण मरतं हो. किंवा डायबेटिस पहिल्या भागाच्या सगळ्यात खालच्या ओळीत गेला, की तो माणूस कोविडच्या हिशोबातून बाहेर.

हे पहिल्यांदा डोळ्यांवर आलं ते इटलीत. मार्च २०२० मध्ये तिथल्या आरोग्य संस्थेने ३५५ मृतांच्या केसपेपर्सचा हिशोब दिला, त्यात आधीचा एकही आजार नसलेले फक्त ३ निघाले. जगभर हेडलाइन झाली की ९९ टक्के लोकांना आधीचे आजार होते. आता इटलीत मेलेले बहुतेक सत्तरी-ऐंशीचे, त्या वयात बीपीची गोळी न घेणारा माणूस तुम्हीच शोधून दाखवा.

आपल्याकडे पश्चिम बंगालने याचं पार टोक गाठलं. एप्रिल २०२० मध्ये मृत्यूंची छाननी करायला समिती बसवली आणि महिनाअखेरीस मुख्य सचिवांनी सांगितलं की १०५ पॉझिटिव्ह रुग्ण गेले, पण कोविडने ३३ च, बाकी ७२ सहव्याधींमुळे, म्हणजे आधीच्या आजारांमुळे. प्रचंड टीका झाली. मे महिन्यात आयसीएमआरने, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, डॉक्टरांसाठी सूचना काढल्या की दमा, डायबेटिस, हृदयरोग असं काही मूळ कारण म्हणून लिहू नका, कोविडमध्ये ते मूळ कारण नाही. मुंबईतही जूनमध्ये मोजणीवरून आरोप-प्रत्यारोप झाले, मग १६ जूनला जुन्या नोंदी जुळवून राज्याने १,३२८ मृत्यू एकदम वाढवले, त्यातले ८६२ एकट्या मुंबईचे.

ऑगस्टमध्ये अमेरिकेची पाळी. सीडीसी या तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या साइटवर एक ओळ होती की ६ टक्के मृत्यूंमध्येच कोविड हे एकमेव कारण लिहिलंय, बाकीच्यांत सरासरी २.६ आणखी आजार किंवा कारणं. झालं, 'फक्त ६ टक्केच कोविडने मेले' असं फिरायला लागलं, ट्रम्प यांनीसुद्धा ते रिट्विट केलं, नंतर ट्विटरने ती मूळ पोस्ट काढली. आता उरलेल्या ९४ टक्क्यांत काय काय होतं? न्यूमोनिया होता, श्वसन निकामी होणं होतं. म्हणजे कोविडनेच जे केलं तेच त्याच्या विरोधातला पुरावा म्हणून मोजलं. ब्रिटनमध्ये २०२२ च्या सुरुवातीला १७,३७१ या आकड्याचं हेच झालं, दुसरा कुठलाच आजार न लिहिलेले तेवढे मृत्यू होते, तर लोक म्हणाले खरा कोविड इतकाच.

भारतात मात्र वाद शेवटी पैशांपाशी आला, म्हणजे कोविडने गेलेल्यांच्या घरच्यांना मिळणाऱ्या सरकारी मदतीपाशी. पालिकेकडून जो मृत्यूचा दाखला मिळतो ना, त्यावर कारण नसतंच, १९६९ च्या कायद्यानेच ते उघड करायचं नाही. त्यामुळे माणूस कोविडने गेला हे घरच्यांनी दाखवायचं कशावर? सुप्रीम कोर्टाने ३० जून २०२१ ला ही कटकट सोपी करा असं बजावलं, मग सप्टेंबरमध्ये केंद्राचे नियम आले की टेस्टपासून ३० दिवसांच्या आत मृत्यू झाला असेल तर तो कोविडचा धरायचा, घरी झाला तरी. आत्महत्या आधी वगळल्या होत्या, कोर्टाने विचारल्यावर त्याही घेतल्या. मदत ५०,००० रुपये.

आणि मग या मदतीसाठी अर्ज यायला लागले. २०२२ च्या जानेवारीपर्यंत महाराष्ट्राचा अधिकृत आकडा होता सुमारे १ लाख ४१ हजार, अर्ज आले २ लाखांच्या वर. गुजरातचे अधिकृत मृत्यू १० हजारांच्या आसपास आणि त्यांनी मंजूर केलेले अर्जच ६८ हजारांहून जास्त.